नाथसागरावर पट्टकदंबांचे फोटो – मदत हवी आहे

राम राम मंडळी. पैठणच्या नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) फुगवट्यावर दोन हिवाळे जातोय. गाळपेऱ्यातल्या (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या) हरभऱ्यात पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी, उतरतात, पण मी शंभर पावलांवर आलो की माना वर करतात आणि अख्खा थवा उडतो. हिमालय ओलांडून आलेल्या जिवांना चरताना उठवायचं मनाला पटत नाही, म्हणून आता पाठलाग सोडलाय.

बांधाआड ज्वारीच्या कडब्याचं लपण करून पहाटे अंधारातच बसलो तर जमेल का? शेतमालकाची हरकत नाही. लेन्स १५०-६०० मिमी आहे. नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, फोटो मऊ, म्हणजे धूसर येतात. त्यावर जवळ जाण्याशिवाय इलाज आहे का? आणि फोटोत पांढरी डोकी जळू नयेत (नुसती पांढरीफटक दिसू नयेत) म्हणून एक्स्पोजर किती कमी ठेवता? अनुभवी मंडळींनी जरूर सांगावं.