साष्टीतल्या (आजच्या मुंबई उपनगरांतल्या) गावाचा जुना नकाशा आजच्या नकाशावर कसा बसवायचा?

खाजणकाठ:
कोंडिविटे-मरोळ भागाच्या जुन्या गाव नकाशाची झेरॉक्स आहे. प्रमाण १ इंच = २० साखळ्या. स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे चार कोपरे धरून बसवला. महाकाली लेण्यांकडची बाजू जुळते, पण मरोळकडे सर्व्हे नंबरांच्या हद्दी सरकत जातात. शिवाय गावठाणाच्या जागी नुसता कोरा तुकडा आहे, आत एकही घर नाही. सीप्झ (अंधेरीतली निर्यात-उद्योग वसाहत) आणि कारखाने येण्याआधीची तळी, पायवाटा आणि गुरचरण मुलांना दाखवायचे आहेत. कुठून सुरुवात करावी?

गुंठामोजणी:
आधी साखळी तपासा. आपल्याकडच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. (३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा.) ६६ फुटी इंग्रजी साखळी धरली तर सगळंच दुप्पट होतं. म्हणजे तुमचा १ इंच = ६६० फूट, प्रमाण १:७९२०.

कागदाच्या कोपऱ्यांना जमिनीवर काही अर्थ नसतो, ते सोडून द्या. झेरॉक्स बहुधा एकाच दिशेने ताणली जाते. तुमची एक बाजू जुळून दुसरी सरकते ती त्यामुळेच असावी. मूळ नकाशाची नक्कल काढून ती सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला घ्या, मोबाइलने फोटो नको.

संदर्भबिंदू (जुन्या आणि आजच्या नकाशावर जुळवायची ठिकाणं) म्हणून न हललेल्या गोष्टी घ्या: लेणी, सीप्झच्या आवारातल्या जुन्या चर्चचे अवशेष (उपग्रहचित्रात दिसतात), जुन्या विहिरी, तीन गावांच्या शिवा (हद्दी) मिळतात ती ठिकाणं. नाला किंवा मिठीचा काठ अजिबात नको, पात्र वळवून सरळ केलेलं आहे. तीन बिंदूंवर पॉलिनॉमियल १ (अख्खा नकाशा एकसारखा फिरवणारी-ताणणारी पद्धत) चालतं, पण आठ-दहा घ्या आणि ते नकाशाभर पसरलेले असू द्या. या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर चार मीटर भरते, तेव्हा आठ-दहा मीटरची चूक चालवून घ्या. एकच बिंदू चाळीस मीटर दाखवत असेल तर तो चुकीचा ओळखलाय, काढून टाका. थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा रबरासारखा जागोजागी वाकवणारी पद्धत) लावून तो जिरवू नका. त्यात प्रत्येक बिंदू अचूक बसल्यासारखा दिसतो आणि चूक मधल्या शेतांत जाऊन बसते.

पोटखराबा:
गावठाण कोरं आहे कारण हा नकाशा शेतसाऱ्यासाठी काढलेला. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून आत मोजणी नाही. घरं आणि गल्ल्या हव्या असतील तर नगर भूमापनाचे आलेख पाहा, १:५०० प्रमाणाचे. मिळकत पत्रिकेवरचा सीटीएस (नगर भूमापन) नंबर जुन्या सर्व्हे नंबराशी जोडायला चौकशी नोंदवही लागते.

पण गावाचं सामायिक जगणं कळतं ते आकारबंद या गावाच्या महसुली नोंदवहीतून, आणि तिकडे फार कमी लोक वळतात. त्यात प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे क्षेत्र, पोटखराबा (शेतातली साऱ्यातून सुटलेली जमीन) आणि आकार (शेतसारा) लिहिलेला असतो. पोटखराबा वर्ग अ म्हणजे लागवडीला नालायक जमीन: खडक, खाच. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक वापरामुळे आकारातून वगळलेली: वाट, तळं, ओढा, दफनभूमी. भातशेताच्या मधोमध मोठा वर्ग ब दिसला की तिथे गावाचं पाणी किंवा सगळ्यांची वाट होती असं समजा, आणि तेवढाच सर्व्हे नंबर नकाशावर नीट न्याहाळा. सोबत जुन्या सातबाऱ्यातला ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना वाचा. खार, खाजण, आगर, तळे असे शब्द तिथे अजून सापडतात.

टोपोशीट_४७:
जोडीला सर्व्हे ऑफ इंडियाची एक इंची (१ इंच = १ मैल) शीट घ्या. तुमचा भाग ४७ ए/१६ मध्ये येतो. ती एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आहे, म्हणून क्यूजीआयएसमध्ये त्यावर आधारलेली कालियनपूर ही निर्देशांक पद्धत निवडून मग आजच्या यूटीएम ४३ उत्तर या पद्धतीत बदला. सगळी शीट एकसारखी एकाच दिशेला सरकली तर दोष गोलाभाचा. एका कडेला जास्त सरकली तर तुमच्या बिंदूंचा.

सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगळं असतं. नव्या छपाईत रेल्वे भरतात, बाकी तपशील जुनाच राहतो. विहार तलाव १८६०चा, पवई १८९१चा. नकाशात कोणता आहे त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो.

खाजणकाठ:
आकारबंदाचं माहीतच नव्हतं, मनापासून आभार. जुन्या नोंदी मागताना तालुका काय लिहायचा?

पोटखराबा:
उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला. त्याआधीचं दप्तर ठाणे जिल्हा, साष्टी तालुका या नावाखाली आहे. नुसतं ‘अंधेरी’ लिहून मागितलंत तर ‘मिळून येत नाही’ असा शेरा यायचा. काळा घोड्याच्या पुराभिलेखागारातही याच नावाने शोधा, आणि गावाच्या नावाची रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहून द्या.