शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी : दवाखान्यात नेमके केव्हा न्यावे? (मदत हवी आहे)

आम्ही यावल तालुक्यात राहतो. भरितातले शेंगदाणे खाल्ल्यावर माझ्या ६ वर्षांच्या भाचीच्या अंगावर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला आणि थोड्याच वेळात तिला उलटी झाली; सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीवरच्या गोळीने खाज थांबली, म्हणून घरच्यांनी तिला झोपू दिले, जे मला मुळीच पटले नाही. त्वचेबरोबर पोट किंवा श्वासही बिघडला, तर गोळीवर विसंबून न राहता मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागते आणि त्रास काही तासांनी पुन्हा उफाळू शकतो, एवढे मला ठाऊक आहे. आवाज बसणे, सुस्ती यांखेरीज लहान मुलांमध्ये कोणती लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. हे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीही मिळते का? खळ्यावर शेंगा काढताना उडणाऱ्या धुळीचेही पथ्य पाळावे का?