ड्रेडनॉटच्या गन मॅग्नेटने बदलत्या ठेवायच्यात, मॅग्नेट कुठल्या साईजचे घेऊ?

रंगपेटी_पुणे:
नमस्कार मंडळी, वॉरहॅमर ४०के (टेबलावर छोट्या मॉडेल्सनी खेळायचा युद्धाचा खेळ) चा रिडेम्प्टर ड्रेडनॉट, म्हणजे चालणारा मोठा यंत्रयोद्धा, घेतलाय, अजून सगळं स्प्रूवरच (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती) आहे. एका हाताला मॅक्रो प्लाझ्मा इन्सिनरेटर किंवा हेवी ऑनस्लॉट गॅटलिंग कॅनन, दुसऱ्या हाताच्या मुठीला हेवी फ्लेमर किंवा लहान गॅटलिंग, वरती इकारस रॉकेट पॉड हवा तर लावा. आता एवढं महागाचं मॉडेल घेऊन एकच गन कायमची चिकटवून बाकीच्या डब्यात टाकायच्या हे मनाला पटत नाहीये, आणि आमच्या ग्रुपमध्ये मॉडेलवर जे दिसतंय तेच खेळायचं असं ठरलेलं आहे. तर मॅग्नेट कुठल्या साईजचे घ्यायचे, भोक कशाने पाडायचं आणि दोन मॅग्नेट एकमेकांना ढकलणार नाहीत हे कसं बघायचं? घरी भाची येते दोन वर्षांची, त्या बाबतीतही काही काळजी घ्यायची असेल तर सांगा.

प्लास्टिकवेडा:
मॉडेल अजून स्प्रूवर आहे हे बेस्ट, चिकटवल्यावर भोक पाडणं फार अवघड जातं. आधी तुकडे कापून ब्लू टॅकने (परत काढता येणारी चिकट पुट्टी) नुसते जोडून बघ, म्हणजे सांधा नेमका कुठे येतो आणि आत प्लास्टिक किती जाड आहे ते कळेल.

निओडिमियमचेच (लहान पण जोरदार मॅग्नेट) घे, एन५२ या ताकदवान ग्रेडचे. साईज म्हणजे व्यास × जाडी. मोठ्या हातांना ५ × १ मिमी किंवा ३ × २ मिमी, मुठीजवळच्या लहान गनला २ × १ मिमी पुरतो. जिथे जागा आहे तिथे जास्त व्यासाचा घेत जा, कारण लांब गनचं वजन पुढे असतं आणि लहान गोल मॅग्नेटवर ती हळूहळू फिरून खाली लोंबते, खेळताना सारखं सरळ करत बसावं लागतं. दोन मॅग्नेट शेजारी शेजारी बसवले किंवा मधे पितळेच्या तारेची पिन दिली तर फिरायचा प्रश्नच मिटतो.

भोकासाठी पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) घे, सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळतो, इलेक्ट्रिक ड्रिल वापरू नकोस, वेगाने प्लास्टिक वितळतं. सुरीच्या टोकाने मध्यावर खूण, मग १ मिमीचं बिट, मग एकेक साईज वाढवत शेवटचं. मॅग्नेट पृष्ठभागाच्या बरोबरीने बसला पाहिजे, थोडा जरी आत राहिला तरी पकड खूप कमी होते. भोक जास्त खोल गेलं तर तळाशी ग्रीन स्टफ (मॉडेलकामाची, वाळून कडक होणारी पुट्टी) भर.

पोलचं (मॅग्नेटची कुठली बाजू ओढते, कुठली ढकलते) आता नीट वाच. एका मॅग्नेटवर मार्करने ठिपका दे आणि तो काडीच्या टोकाला चिकटवून कायमचा जपून ठेव, हाच तुझा मास्टर. सगळ्या मॉडेल्सच्या अंगातले मॅग्नेट एकाच पोलने बाहेर आणि सगळ्या गन्सचे उलट्या पोलने, हा नियम एकदा ठरवला की पुढच्या वर्षी घेतलेल्या ड्रेडनॉटलाही याच गन लागतात. अंगातला मॅग्नेट बसून वाळला की दुसरा त्याच्यावर नुसता ठेव, तो आपोआप बरोबर बाजूने बसतो. मग वर दिसणाऱ्या बाजूला ठिपका दे. ठिपका गनच्या भोकात आत जायला हवा. बस.

चिकटवायला सुपरग्लू, फेविक्विकही चालतं. प्लास्टिक सिमेंट नको, ते प्लास्टिक वितळवून जोडतं, धातूला धरत नाही. मॅग्नेटवरचं निकेल फार गुळगुळीत असतं, मागची बाजू सँडपेपरवर घास म्हणजे ग्लू धरतो. आणि आत ढकलताना टूथपिक वापर, स्टीलची सुरी वापरलीस तर मॅग्नेट सुरीबरोबर बाहेर येईल.

नॉटिंगहॅमकर:
वरचं सगळं बरोबर आहे पण माझं मत थोडं वेगळं. प्रत्येक गनला मॅग्नेट हवाच असं नाही, मॅग्नेट फक्त अंगात ठेवा आणि गनच्या बाजूला लोखंडी खिळ्याचं डोकं किंवा स्टीलची चकती लावा, पोल बघायची भानगडच राहत नाही. पकड दोन मॅग्नेटपेक्षा कमी असते, म्हणून हलक्या गनलाच करा, मॅक्रो प्लाझ्मासारख्या जड गनला नको.

आणि साध्या सैनिकांच्या हातांना मॅग्नेट लावायच्या मागे लागू नका, मनगटं इतकी बारीक असतात की भोक आरपार जातं. ड्रेडनॉट, टँक, नाइट, कार्निफेक्स अशा मोठ्या मॉडेल्सनाच खरा फायदा. २०२३ मध्ये खेळाच्या नियमांची दहावी एडिशन आली तेव्हा बहुतेक युनिटना गनचे वेगळे पॉइंट (सैन्य निवडताना मोजायची किंमत) लागेनासे झाले, त्यामुळे सगळे एकच भारी गन लावू लागले, पण नियम बदलले की तीच गन मागे पडते आणि मग बदलता हात असलेला माणूस खुश असतो.

रंगपेटी_पुणे:
खूप आभार दोघांचे, ५ × १ आणि २ × १ दोन्ही मागवतोय. अजून एक, प्राइमर (रंगाआधीचा पहिला थर) मॅग्नेट बसवायच्या आधी मारू की नंतर?

प्लास्टिकवेडा:
मॅग्नेट बसवून, ग्लू पूर्ण वाळल्यावर. गन वेगळ्याच रंगव, पण मॅग्नेटच्या तोंडावर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लाव, रंगाचे थर साचले की मधे अंतर पडतं. सुपरग्लू ताजा असताना दोन्ही भाग एकमेकांना लावून ठेवू नकोस, एकमेकांनाच चिकटतात. पुढे कधी रेझिनचं मॉडेल घेतलंस तर वाकडा भाग गरम पाण्यात सरळ करायचं काम मॅग्नेटच्या आधी उरक, साध्या ग्रेडचे मॅग्नेट ८० अंशांच्या वर कायमची ताकद गमावू लागतात. आणि रेझिन ड्रिल करताना मास्क घाल, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

आजी_आणि_एअरब्रश:
भाचीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. बाळा, हे मॅग्नेट खाऊच्या गोळीएवढे चमकदार असतात. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटून भोक पडतं, ऑपरेशन करावं लागतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी होईल, शीला पडेल म्हणून वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. ती येणार असेल त्या दिवशी काम काढूच नकोस. सुटे मॅग्नेट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, उंच कपाटात, आणि काम संपल्यावर टेबलाखाली, सतरंजीवर एक मोठा मॅग्नेट फिरवून घे, पडलेले सगळे त्याला चिकटून येतात. बदलत्या गन्ससुद्धा त्याच डब्यात ठेव, मॉडेलबरोबर शोकेसमध्ये खालच्या कप्प्यात नको.