सहा महिन्यांचा नियम आणि अकोला पश्चिम

आमदाराची जागा रिक्त झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावीच लागते, असा नियम आहे. मात्र लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १५१-अ ला दोन अपवाद जोडलेले आहेत. उरलेला कार्यकाळ एक वर्षाहून कमी असेल, किंवा मुदतीत निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले असेल, तर ही मुदत लागू होत नाही.

खरा वाद हे एक वर्ष कोणत्या दिवसापासून मोजायचे, यावर होतो. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे ३ नोव्हेंबर २०२३ रोजी निधन झाले, तेव्हा विधानसभेचा कार्यकाळ वर्षाहून थोडा अधिक उरला होता, आणि आयोगाने २६ एप्रिल २०२४ हा मतदानाचा दिवस ठरवला. मात्र निकाल ४ जूनला लागणार असल्याने निवडून येणाऱ्यास वर्षभरही मिळणार नाही, हे ग्राह्य धरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पोटनिवडणूक रद्द केली. याउलट, मार्च २०२४ मध्ये मनोहरलाल खट्टर यांच्या राजीनाम्याने रिक्त झालेल्या हरियाणातील कर्नालमध्ये आठ महिन्यांहूनही कमी कार्यकाळ उरला असताना मतदान झाले, कारण खट्टर यांच्या जागी मुख्यमंत्री झालेले, पण आमदार नसलेले नायबसिंह सैनी यांना त्या पदी राहण्यासाठी सहा महिन्यांत आमदार होणे आवश्यक होते.

मुख्यमंत्र्यांची निकड कायद्याने ओळखली, हे समजू शकते. अकोल्याच्या मतदारांना मात्र वर्षभर आमदाराविना राहावे लागले, हे मला पटत नाही.