हंटर व्हॅलीची सेमियाँ राहूनच गेली

ऑस्ट्रेलियन रेड वाइन म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्याची दाट शिराझ आणि व्हाइट म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली शार्डने (दोन्ही द्राक्षांच्या जातींची नावं), असं बरेचदा म्हटलं जातं. दोन्ही उत्तमच, पण सिडनीच्या उत्तरेकडच्या हंटर व्हॅलीची सेमियाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, एकदा चाखाच. द्राक्षं लवकर खुडतात, त्यामुळे अल्कोहोल 10-11 टक्क्यांच्या आसपास; ओकचं पिंप सहसा नाहीच. ताजी असताना दिसायला जवळजवळ पाणी, चवीला पिळलेलं लिंबू. मला पहिल्या घोटाला अजिबात आवडली नव्हती. तीच दहाएक वर्षं बाटलीत राहिली की सोनेरी होते आणि वास येतो खरपूस भाजलेल्या पावाचा, मधाचा. लाकूड न लागता! तळलेल्या पापलेटाबरोबर मला तरी याहून चांगली जोडी सापडलेली नाही.

रेडमध्ये तुलना करायचीच तर बरोसाची आणि हंटरची शिराझ शेजारी शेजारी ओता. पहिली गडद, तोंडभर, पिकलेल्या काळ्या फळांची. दुसरी हलकी, जराशी मातकट. द्राक्ष तेच. फक्त मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोलच नाकात जातो.