केवडा रोगात टिकलेले दोन काकडीचे वेल, बी धरू का?

शनिवारचा शेतकरी
नमस्कार मंडळी. नोकरी हडपसरला, शेत सासवडजवळ. म्हणजे आठवड्यातले दोनच दिवस मातीत, हसा हवं तर. आत्याकडचं गावठी काकडीचं बी, राखेत कालवून डब्यात ठेवलेलं, जूनअखेर लावलं. चाळीस वेल. ऑगस्टात आठवडाभर झड लागली आणि केवडा (पानं वाळवणारा रोग) आला. परवा पाहिलं तर पानं पापडासारखी मोडतायत, फक्त दोन वेल हिरवे. ठिपके त्यांच्यावरही आहेत, पण पान वाळत नाही. त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षी सगळा मांडव असाच टिकेल का? शेजारचे काका म्हणतात दुकानातलं बियाण्याचं पाकीट आण. मागच्या वर्षी दुकानदाराने 'रोगच येत नाही' म्हणून दिलेलं पाकीटही असंच बसलं होतं!

मांडववाला
आधी केवडाच आहे ना ते बघ. सकाळी दव असताना पान उलटं कर. वरून शिरांच्या मधे चौकोनी पिवळे डाग आणि खालून करडी-जांभळी लव म्हणजे केवडा. बोटाला पांढरी पावडर लागली तर भुरी, तो वेगळा रोग. आणि पाकिटावर रोगाच्या खुणेत 'पीएक्स' लिहिलं असेल तर ती हमी भुरीपुरती, केवड्याचं अक्षर 'पीसीयू'. दुकानदार दोन्हीला 'रोग' म्हणतो. आता वाळलेल्या वेलांवर फवारून पैसे घालवू नकोस.

बियाणेवाले आजोबा
एक विचारतो. ते दोन वेल कुठे आहेत? बांधाकडे असतील तर वारं-ऊन लागून दव लवकर सुकतं, रोग कमी येतो. त्याला प्रतिकार म्हणत नाहीत, नशीब म्हणतात.

शनिवारचा शेतकरी
लव आहे, केवडाच. एक वेल बांधाला आहे, दुसरा बरोबर मधोमध, चारी बाजूंनी मेलेल्यांत. आणि आजोबा, जात ओळखायची तर, फळ पिकल्यावर तांबूस होतं.

बियाणेवाले आजोबा
मग बांधाचा सोड, मधला धर. तांबूस म्हणजे पूना खिरा या जुन्या काकडीच्या गोतावळ्यातलं दिसतंय. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी ही जात पूना खिऱ्यापासूनच काढलेली, तिची फळं मात्र पांढरीच राहतात.

आता नीट ऐक. वेलावर आज लटकलेल्या फळाची आई माहीत आहे, बाप माहीत नाही, मधमाशीने कुठून आणलं कोण जाणे. भारतातल्याच एका काकडीतून अमेरिकेने केवड्याला टिकण्याचा गुण नेला, तो अप्रभावी निघाला, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा. तुझ्या वेलातला तसाच असेल तर बाप रोगट असल्यावर पहिल्या पिढीत सगळे वेल रोगट दिसतील आणि तू वैतागून उपटून टाकशील. म्हणून वेलाचं त्याच वेलाशी लग्न लाव. उद्या उमलणारी मादी कळी (देठाशी बारीक काकडी असते ती) आणि त्याच वेलाची नर कळी संध्याकाळी दोऱ्याने किंवा कापसाने बंद कर. सकाळी लवकर नराच्या पाकळ्या काढून पराग मादीवर फिरव, परत बंद कर, देठाला रंगीत दोरा बांध. दोन-तीन फळं पुरे. पूर्ण तांबूस होऊ दे. काढल्यावर आठवडाभर ठेव, मग गर दोन दिवस आंबव, बुडणारं बी सावलीत वाळव.

पुढच्या पावसाळ्यात दोन ओळींच्या मधे आत्याच्या डब्यातलं साधं बीही लाव आणि फवारू नकोस. साधं मेलं आणि हे उभं राहिलं तरच मानायचं. अमेरिकेतही २००४ मध्ये केवड्याची नवी जात आली आणि तो जुना गुण अपुरा पडला. तेव्हा मांडव, मोकळं अंतर आणि ठिबक सुटत नाही.

मांडववाला
शेजारी बारमाही दोडका आहे का तेही बघ. केवड्याला जगायला जिवंत पान लागतं, ते त्याला तिथे मिळतं.

कऱ्हाकाठ
शेतात वाळूक पण आहे. काकडीशी मिसळेल का?

बियाणेवाले आजोबा
नाही. वाळूक खरबूज-चिबडाच्या जातीचं, ते एकमेकांत मिसळतील. काकडी वेगळी.

शनिवारचा शेतकरी
काल सकाळी साडेसहाला तीन फुलं केली, बोटं अजून पिवळी आहेत. लाल दोरा बांधला. आईला सांगायचं राहिलं, आज दुपारी तिने त्यातलं एक, करंगळीएवढं, कोवळं म्हणून तोडून खाल्लं. दोन उरलीत. वेलापाशी आता 'तोडू नये' अशी पाटी लावलीय.