लिव्हरपूल 4, बार्सा 0 (मे 2019) : गोल त्या दोघांचे, पण मॅच फाबिन्योची

सहा_नंबर

काल रात्री साडेबाराला लिव्हरपूल-बार्सिलोना, चॅम्पियन्स लीग सेमी फायनलची दुसरी मॅच लावली तेव्हा अर्धा तास बघून झोपायचं असं ठरवूनच बसलो होतो. पहिल्या लेगला, म्हणजे दोनपैकी पहिल्या मॅचला, बार्साच्या कॅम्प नोऊ मैदानावर 3-0 खाल्लेले, सालाह डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर, फिर्मिनो बाहेर, पुढच्या तिघांतला एकटा माने उरलेला आणि त्याच्या जोडीला ओरिगी आणि शाकिरी. या टीमने बार्साला चार मारले राव. सकाळी उठून स्कोअर परत चेक केला मी.

आता सगळीकडे ओरिगी आणि वायनाल्डम. दोघांचे दोन-दोन गोल, कौतुक होणारच, माझी ना नाही. पण मला विचाराल तर मॅन ऑफ द मॅच फाबिन्यो. का ते सांगतो. मॅचला दहा-बारा मिनिटं होत नाहीत तोच सुआरेझला टॅकल करताना यलो कार्ड घेतलं त्याने. पुढची ऐंशी मिनिटं मेस्सी ज्या पट्ट्यात येऊन बॉल मागतो नेमक्या त्याच पट्ट्यात याला उभं राहायचंय, एक पाय उशिरा पडला की रेड, दहा जणांत तीन गोल फेडायचे म्हणजे विषयच संपला. अशा वेळी कुठलाही डिफेन्सिव्ह मिडफिल्डर दोन पावलं मागे सरकतो, टॅकल टाळतो, आपण बरे नि आपलं कार्ड बरं. हा पठ्ठ्या सरकलाच नाही. सेकंड हाफ परत बघा, बॉल सोडून फक्त याच्या 3 नंबरच्या जर्सीकडे बघा. बार्साचा बॉल सुटला की पहिला पाय याचा, आणि प्रत्येक वेळी बॉलवरच.

बाकीच्यांचे दहापैकी मार्क घाईघाईत देतो. गोलकीपर अ‍ॅलिसन 9, ट्रेंट 9, व्हॅन डाइक 8, मॅटिप 8 (बिचाऱ्याबद्दल कोणी बोलतच नाही), रॉबर्टसन 7 कारण हाफ टाइमलाच बाहेर गेला, हेंडरसन 9, माने 8, वायनाल्डम 9, ओरिगी 8, शाकिरी 6. मिल्नरला साडेआठ, तेहतिसाव्या वर्षी मिडफिल्डमधून उचलून लेफ्ट बॅकला ठेवला तरी चेहऱ्यावरची माशी हलली नाही. फाबिन्यो साडेनऊ.

गोलपोस्ट

लेख आवडला पण मूळ मुद्द्यालाच असहमत. तुम्ही अ‍ॅलिसनला एका आकड्यात गुंडाळलंत. अवे गोलचा हिशोब (2019 च्या नियमात एकूण बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल मारणारी टीम पुढे) विसरलात का? बार्साने एक जरी मारला असता तर लिव्हरपूलला पाच लागले असते, पाच! म्हणजे काल अ‍ॅलिसनची एकेक सेव्ह दोन गोलांच्या किमतीची होती. पहिल्या वीस मिनिटांत मेस्सी, कुटिन्यो. हाफ टाइमच्या तोंडावर मेस्सीने आल्बाला आत पाठवला तो तर समोरासमोर होता, अ‍ॅलिसन झेपावत त्याच्या पायाशी गेला नसता तर हा धागाच निघाला नसता. हाफ टाइमनंतर लगेच सुआरेझ. फाबिन्यो एवढा भारी खेळला तर हे सगळे बॉल अ‍ॅलिसनपर्यंत आले कुठून?

आणि एक गंमत लक्षात आली का कोणाच्या, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रोमाने बार्साला 3-0 मारून बाहेर काढलं तेव्हा रोमाच्या गोलमध्ये कोण होतं? हाच. दोन वर्षं, दोन क्लब, समोर तीच बार्सा, दोन्हीकडे तीन गोल फेडायचे, आणि दोन्ही वेळा याने शून्य दिले. फाबिन्योला 8 पुरे.

कातालान_काका

बार्साचा फॅन आहे, रात्रभर झोप नाही, त्यामुळे जरा कडू लिहिलं तर समजून घ्या. तुम्हा लोकांचे मार्क वाचून असं वाटतंय की समोर बार्साची टीम होतीच. नव्हती हो. पहिला गोल बघा, आल्बाने डोक्याने मागे दिलेला बॉल तोकडा पडला, मानेने उचलला, हेंडरसनचा शॉट आमच्या कीपरने, टेर स्टेगनने अडवला तो ओरिगीच्या पायात. दुसरा गोल बघा, ट्रेंटने स्वतः बॉल घालवलेला, परत आल्बाकडूनच काढून घेतला आणि आत टाकला. दोन गोल आमच्या लेफ्ट बॅकने भेट दिले आणि तुम्ही फाबिन्योला साडेनऊ देताय. आणि चौथा तर सोडाच, त्यावर बोलायचीही लाज वाटते.

हीच बार्सा 1986 ला सेमी फायनलमध्ये गोथेनबर्गकडून 3-0 हरून घरच्या लेगला 3-0 जिंकली होती आणि पेनल्टीवर फायनलला गेली होती. तेव्हा आम्ही फेडले, आता रोम आणि लिव्हरपूल दोन्हीकडे आमच्याकडून वसूल झाले. आमच्या मॅनेजरने, व्हाल्वर्देने, रोमवरून काय धडा घेतला तर काहीच नाही.

सहा_नंबर

काका, सहानुभूती आहे, पण आल्बाकडून चूक आपोआप झाली का? त्याच्या अंगावर पहिल्या मिनिटापासून कोणीतरी धावून येत होतं म्हणून झाली ना. दुसऱ्या गोलला ट्रेंटने बॉल घालवल्यावर हात वर करून फाउल मागितला नाही, तिथल्या तिथे वळून परत हिसकावला. त्याला भेट कसं म्हणायचं?

गोलपोस्ट, रोमाचा मुद्दा भारी आहे, माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण बार्सासमोर शून्य चान्स देणारा मिडफिल्डर अजून जन्माला यायचाय. कॅम्प नोऊवर किती आले होते ते आठवा, शेवटी शेवटी डेंबेलेने समोर गोल असताना कीपरच्या हातात दिला म्हणून तीनवर थांबलं.

रेषेवरची

मला कोणी सांगेल का शाकिरीला 6 कशासाठी? तिसऱ्या गोलचा क्रॉस कोणाचा होता? डावीकडून असा मोजून टाकला की वायनाल्डमला फक्त उंच उडायचं काम ठेवलं. किती दिवसांनी पहिल्या अकरात आलेला माणूस, त्याने सेमी फायनलमध्ये असिस्ट द्यायचा आणि आपण त्याला पासिंग मार्क द्यायचे.

आणि वायनाल्डमबद्दलही बोला जरा. पहिल्या लेगला याला पुढे स्ट्रायकरच्या जागी खेळवलं, जमलं नाही, काल बेंचवर बसवलं. बेंचवर ठेवलं म्हणून मॅनेजरवर चिडलो होतो असं मॅचनंतर स्वतःच सांगितलं त्याने. सुआरेझचा पाय रॉबर्टसनच्या पोटरीला लागला नसता तर हा हाफ टाइमला आत आलाच नसता कदाचित. आला आणि दहा मिनिटांत दोन! 54 आणि 56. दुसऱ्या गोलचा आनंद करून लोक जागेवर बसलेही नव्हते. फाबिन्यो छान खेळला असेल, पण मॅच फिरली ती त्या दोन मिनिटांत, आणि ती दोन मिनिटं ज्याची त्याची मॅच.

वनटच

+1 रेषेवरची. पण माझं मत ट्रेंटला.

चौथ्या गोलवर काका बोलायला तयार नाहीत तर मी बोलतो. मी ते पाच-सहा सेकंद कमीत कमी वीस वेळा पाहिलेत. बॉल बॉयने बॉल पटकन दिला. ट्रेंटने तो कोपऱ्यात ठेवला आणि शाकिरी घ्यायला येतोय म्हणून तिथून निघाला. खरंच निघाला, पाठ फिरवून दोन पावलं गेला. तेवढ्यात त्याला दिसलं की बॉक्समध्ये बार्साचे सगळे कुठेतरी तिसरीकडेच बघतायत, पिकेचं तर तोंडच इकडे नाही, आणि ओरिगी एकटा मोकळा आहे. गर्रकन वळला आणि खालून सपाट मारला. ओरिगीलाही उशिरा कळलं बहुतेक, तरी पहिल्याच टचला वर छताला घातला. वीस वर्षांचं पोरगं हे! 79 वं मिनिट, एक गोल हवाय, समोर मेस्सी-पिके-बुस्केट्स, आणि याला हे सुचतं. पहिल्या लेगला याला बसवून गोमेझला खेळवलं होतं हेही लक्षात असू द्या. टॅकल शिकवता येते हो, हे असलं कोण शिकवणार.

कातालान_काका

सुचलं ते मान्य. पण शाळेच्या टीमलाही सांगतात की कॉर्नर असला की एक डोळा बॉलवर ठेवा. त्या पोराची हुशारी तीस टक्के, आमच्या लोकांची झोप सत्तर टक्के. जागेपणी ही आयडिया पहिल्या डिफेंडरच्या पायावर आपटली असती आणि तुम्हीच आज त्याला शहाणपणा केला म्हणून शिव्या घातल्या असत्या.

वनटच

घातल्या असत्या, मान्य 😄 पण समोरचे झोपलेत हे अकरा जणांपैकी एकालाच दिसलं ना?

गोलपोस्ट

सहा नंबर, तुम्ही सांगितलं म्हणून ऑफिसला जाता जाता सेकंड हाफ परत लावला आणि फक्त फाबिन्योकडे बघितलं. चांगला खेळलाय, चुकीचं बोलत नाही मी. विशेषतः 3-0 झाल्यावर वीस-बावीस मिनिटं गोल येत नव्हता, सगळे पुढे पळायला बघत होते, तेव्हा हा एकटा मागच्या दोघांच्या पुढ्यात जागा धरून होता. ते मला लाइव्ह बघताना दिसलंच नव्हतं. पण तेवढ्यातही मेस्सीचा एक शॉट अ‍ॅलिसनलाच काढावा लागला, ते सोयीस्कर विसरू नका.

शिवाय शनिवारपासूनचा हिशोब धरायचा असेल तर ओरिगीला 8 कमी होतात. न्यूकॅसलला 86 व्या मिनिटाला याच्याच हेडरने 3-2 केलं म्हणून प्रीमियर लीगची रेस रविवारपर्यंत जिवंत राहिली. वर्षभर बेंच उबवणारा माणूस चार दिवसांत दोन स्पर्धा वाचवतो.

सहा_नंबर

मी फक्त कालच्या मॅचचे मार्क दिलेत, शनिवारचे वेगळे देईन 😄

रेषेवरची, शाकिरीचं तुमचं बरोबर आहे. फर्स्ट हाफमध्ये त्याने दोन-तीनदा बॉल सहज घालवला त्याचा राग मनात होता, त्या रागात 6 दिले. सात करतो. साडेसात मागू नका.

गोलपोस्ट, 3-0 नंतरची ती वीस मिनिटं, मी तेच तर सांगत होतो. गोल झाला की सगळ्यांना दिसतो. तो येत नसताना मागे जागा धरून उभा राहिलेला माणूस परत लावून बघावा लागतो, तुम्हालाही बघावा लागलाच. बरं, अ‍ॅलिसनला साडेनऊ देतो. फाबिन्योही साडेनऊ. पण मॅन ऑफ द मॅच बदलणार नाही, टाय झाला तर ज्याच्यावर यलो होतं तो पुढे.

रेषेवरची

हा नियम कधी आला?

सहा_नंबर

आत्ताच.

कातालान_काका

चला, सगळ्यांचे मार्क वाढले. आल्बाला किती?

सहा_नंबर

आल्बा आमच्या टीममध्ये नाही काका. असता तर दोन असिस्ट धरून 8 दिले असते.